निशाण नसलेले फोटो

समुद्रातलं सगळ्यात सुंदर पाणी कुठलं, असं फोटोवाल्याला विचारलं असतं तर त्यानं झोपेतसुद्धा बोट दाखवलं असतं. जीवरक्षकांच्या मनोऱ्यापासून दोनशे पावलांवर पाण्याचा एक पट्टा होता. त्याच्या उजवीकडे लाटा फुटत, डावीकडे फुटत, फेसाचा नुसता धुमाकूळ चाललेला असे, आणि मधला हा पट्टा मात्र गडद, शांत, इस्त्री केल्यासारखा. तिथं माणसं उभी केली की कपडे भिजत नाहीत, लाट अंगावर येते म्हणून कुणी डोळे मिटत नाही आणि भिंगावर खारे शिंतोडे बसत नाहीत. बावीस वर्षं तो या किनाऱ्यावर लोकांचे फोटो काढत होता आणि त्या पट्ट्याला तो ‘माझा स्टुडिओ’ म्हणायचा.

पट्टा शांत का असतो हे त्याला माहीत नव्हतं असंही नाही. भाचीनं त्याला दहादा सांगितलं होतं.

“मामा, दोन्हीकडच्या लाटांनी पाणी किनाऱ्यावर आणलं की त्याला परत जायला वाट लागते. ती वाट ही. इथं लाट फुटत नाही, कारण खाली खोल आहे आणि पाणी आत चाललंय. याला ओढ म्हणतात. वरून एकदम शहाणी दिसते, आणि एकदा पाय सुटला की शंभर पावलं आत नेऊन सोडते.”

“घोट्याएवढ्या पाण्यात कोण वाहून जातंय गं?”

“घोट्याएवढ्या पाण्यातला माणूस गुडघ्याएवढ्यात जातो. गुडघ्यातला कमरेएवढ्यात. वाळू रोज सरकते. काल पाय टेकत होते तिथं आज टेकतीलच असं नाही.”

ती सांगायची आणि तो मान डोलवायचा. मान डोलवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

भाचीला घरात आणि किनाऱ्यावर सगळे बारकी म्हणत. तिची आई, म्हणजे फोटोवाल्याची बहीण, कपडे धुण्याच्या कारखान्यात पाळीवर जायची, त्यामुळे बारकीचं अर्धं लहानपण मामा-मामीच्या घरी गेलं. पोहायला तिला त्यानंच शिकवलं, पोटाखाली हात धरून. पुढे ती इतकी तरबेज झाली की मामाला काठावर बसून टॉवेल सांभाळण्यापलीकडे काम उरलं नाही. जीवरक्षकाची परीक्षा पास होऊन ती किनाऱ्यावर रुजू झाली तेव्हा छत्र्या भाड्यानं देणारा मोठ्यानं म्हणाला होता, “ही बुडणाऱ्याला काढणार? मग हिला कोण काढणार?” त्यावर फोटोवाला त्याच्या अंगावर धावून गेला होता. तेव्हापासून दोघांची बोलचाल बंद. बारकीनं ते ऐकलं होतं, आणि ते ती कधी विसरली नाही.

रोज सकाळी ती मनोऱ्यावर उभी राहून अर्धा तास पाणी न्याहाळायची. मग खाली येऊन ओढीच्या तोंडाशी लाल निशाण रोवायची. काठी दोन्ही हातांनी गदागदा हलवत, हातभर खोल.

आता हे निशाण यायचं कुठं, तर फोटोवाल्याच्या चौकटीच्या बरोब्बर मधोमध. लाल रंग मोठा हावरट. नवं जोडपं उभं करा, आजी-आजोबा उभे करा, बघणाऱ्याचा डोळा आधी निशाणावर जाणार. पहिल्यांदा त्यानं माणसं सरकवून पाहिली. मग स्वतः सरकून पाहिलं. शेवटी त्यानं इकडेतिकडे बघितलं, बारकी लांबच्या टोकाला गेलेली पाहून काठी उपटली, वाळूवर आडवी ठेवली, फोटो काढले आणि काठी परत रोवली. दोन मिनिटांचं काम. त्यानंतर हे रोजचंच झालं. दिवसातून चारदा, सुट्टीच्या दिवशी दहादा. आपण काही वावगं करतोय असं त्याला वाटलंच नाही. गवंडी विटा सरकवतो तसा तो निशाण सरकवत होता.

पण परत रोवताना हातभर खोल कोण घालतंय? संध्याकाळपर्यंत काठी कलंडायची.

“मामा, माझंच निशाण रोज तिरकं कसं होतं रे?” बारकी विचारायची.

“वाळू भुसभुशीत आहे गं इथली.”

मग दुसऱ्या दिवशी ती आणखी खोल रोवायची. तिच्या तळहातांना फोड आले. ते पाहून त्याला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण नुसतं वाईट वाटून घ्यायला कष्ट कुठं पडतात?

त्या रविवारी समुद्र खवळलेला होता. दुसरा जीवरक्षक तापानं घरी पडलेला, त्यामुळे अख्खा किनारा बारकीच्या एकटीच्या अंगावर. सकाळीच तिनं भोंग्यावरून दोनदा सांगितलं की लाल निशाणाच्या आसपास पाण्यात उतरू नका, पाण्याकडे पाठ करून उभे राहू नका, कुणी ओढलं गेलंच तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडू नका, आडवे बाजूला पोहत जा. लोकांनी ते रेल्वेच्या घोषणेसारखं ऐकलं.

दुपारी नऊ जणांचं एक कुटुंब फोटोसाठी आलं. फोटोवाल्यानं नेहमीप्रमाणे निशाण उपटलं, वाळूवर ठेवलं, सगळ्यांना घोटाभर पाण्यात ओळीनं उभं केलं. त्यांच्यातली एक काकू दर वेळी नेमके डोळे मिटायची. सात फोटोंनंतर आठवा जमला. मग त्यांना छापील प्रती लगेच हव्या होत्या आणि छपाईचं यंत्र वर रस्त्याकडेच्या छत्रीखाली होतं. त्यानं पिशवी उचलली आणि गप्पा मारत त्यांच्याबरोबर वर गेला. काठी वाळूवरच राहिली. वीस मिनिटं.

त्या वीस मिनिटांत निळ्या शर्टाचा एक माणूस हात धुवायला पाण्याकडे आला. मुलांबरोबर वाळूचा किल्ला करून त्याचे हात कोपरापर्यंत माखले होते. तो लाटांकडे जायला निघाला तेव्हा त्याची बायको म्हणाली, “तिकडे नको, इकडे जा, इथं पाणी शांत आहे.” तो शांत पाण्यात गेला. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, आणि मग एकदम दिसेनासा झाला.

बारकी तेव्हा पार टोकाच्या खडकांवरून काही पोरींना खाली उतरवत होती. शिट्टी वाजली ती तिचीच. केशरी फ्लोट काखेत मारून ती अख्खा किनारा पळत आली आणि तशीच पाण्यात शिरली. फोटोवाला छत्रीखालून बाहेर धावला. बारकीचं डोकं दिसत होतं, मग नव्हतं दिसत, मग दिसत होतं. तिनं त्या माणसाला फ्लोट दिला, ओढीशी न भांडता त्याला बाजूला नेलं आणि लांब वळसा घालून लाटांबरोबर बाहेर आणलं. काठावरचा एकूण एक माणूस पाण्याकडे बघत होता. तेवढ्यात फोटोवाल्याच्या पायाला काहीतरी लागलं. निशाणाची काठी.

ती त्यानं तिथल्या तिथं रोवली असती तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. हातात धरून उभा राहिला असता तर त्याहून बरं. त्यानं यातलं काहीच केलं नाही. त्यानं काठी उचलली, न पळता चालत मनोऱ्याखालच्या सामानाच्या खोलीत गेला आणि ती बाकीच्या तीन निशाणांशेजारी भिंतीला टेकवून ठेवली. असं आपण का केलं हे त्याला पुढे कधीच धड सांगता आलं नाही. बारकी त्या माणसाच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत होती तेव्हा तिचा मामा खोलीचं दार हळूच लोटून घेत होता.

माणूस वाचला. तीन दिवस इस्पितळात नळ्या लावून पडला होता, पण वाचला. त्याच्या बायकोनं लेखी तक्रार केली. त्यात एवढंच होतं की मीच त्यांना तिकडे जायला सांगितलं, कारण तिथं कसलंही निशाण नव्हतं.

चौकशी किनारा खात्याच्या साहेबांकडे आली. साहेब वाईट माणूस नव्हते. कागद मात्र त्यांना माणसांपेक्षा जवळचे. बारकी म्हणाली, “निशाण मी लावलं होतं.” साहेब म्हणाले, “मग ते खोलीत कसं सापडलं?” मग साहेबांना कुणीतरी सांगितलं की किनाऱ्यावरचा फोटोवाला रोजचे फोटो तारीखवार लावून ठेवतो. मंगळवारी त्यांनी त्याला बोलावून घेतलं.

कचेरीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि कुरकुरणारा पंखा होता. साहेबांनी हंगामाच्या पहिल्या दिवसापासून फोटो बघायला सुरुवात केली. दोनशे चौदा कुटुंबं. हसणारी, केस सावरणारी, बाळाला उंच धरणारी. सगळ्यांच्या मागे तेच शांत, गडद पाणी. फोटोवाल्यानं आपले फोटो असे सलग कधी पाहिलेच नव्हते. या दोनशे चौदा घरांना आपण एकेक करून त्या ओढीच्या तोंडाशी नेऊन उभं केलं आणि ‘हसा’ म्हणालो, हे त्याला त्या खुर्चीत पहिल्यांदा कळलं.

“एकाही फोटोत निशाण नाही,” साहेब म्हणाले.

“चौकटीत आलं नसेल, साहेब.”

“असं कसं? हा मनोरा दिसतो, हे खडक दिसतात. निशाण असतं तर इथंच दिसायला हवं ना? म्हणजे एक दिवस नाही, बाई हंगामभर निशाण लावतच नव्हत्या.”

बोलायची वेळ ती होती. तो मूग गिळून बसून राहिला. साहेबांनी एक कागद पुढे केला. हे फोटो मी काढलेले आहेत आणि त्यांत कसलाही फेरफार केलेला नाही, असं त्यावर लिहिलं होतं. शब्दन् शब्द खरा होता. त्यानं सही केली.

बुधवारी बारकी घरी आली. मामीनं तिच्यापुढे चहा ठेवला, तो तिनं तसाच गार होऊ दिला.

“मामा, तुझ्या फोटोंत खरंच एकदाही निशाण नाही?”

त्यानं मान हलवली. हो की नाही ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

“मला वाटतं मी लावायची,” ती म्हणाली. “रोज लावायची. हात बघ माझे. पण रविवारी लावलं का, ते आता डोळ्यापुढे येत नाही रे. एकटी होते, घाईत होते. भोंग्यावर बोलले ते आठवतं. काठी हातात घेतल्याचं आठवतं. ते रविवारचं का शनिवारचं, सांगता येत नाही. माझ्या हातून राहिलंच असेल.”

“काही राहिलं नसेल,” मामी म्हणाली.

“मग फोटो खोटे आहेत का, मामी?”

रविवारी नाही, मंगळवारी नाही, खरं तर त्या क्षणी फोटोवाला हादरला. तो पोरीची नोकरी घेत होता ते एक झालं. आता तो तिच्या डोक्यातून तिची स्वतःची आठवणसुद्धा उपटत होता, आणि तीही मुकाट्यानं देत होती.

गुरुवारी त्यानं कचेरीत जाऊन सगळं सांगितलं. बारकी तिथंच खुर्चीवर बसलेली. निशाण उपटायचो, परत लावायचो, रविवारी लावायचं राहिलं, काठी खोलीत मी ठेवली. एका दमात बोलला आणि खाली मान घालून उभा राहिला. आता काय व्हायचं ते होऊ दे, असं त्याच्या मनात होतं. जे झालं ते मात्र त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि मायेनं त्याच्याकडे बघितलं.

“बसा हो. तुम्ही यांचे सख्खे मामा ना?”

“हो.”

“लहानपणापासून तुमच्याकडेच वाढल्या म्हणे.”

“हो, पण साहेब—”

“आज पाचवा दिवस. मंगळवारी तुम्ही इथंच बसला होता, तेव्हा यातलं अवाक्षर काढलं नाहीत. सहीसुद्धा केलीत. आणि आज तिची नोकरी जातेय म्हटल्यावर हे सगळं आठवलं?” साहेब हसले. “मी तुमच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं. मामा असावा तर असा. पण मला पुरावा लागतो. निशाण उपटताना तुम्हाला कुणी बघितलंय?”

कुणी बघितलं होतं? येणारी माणसं गावोगावची. फोटो घेऊन गेली की गेली.

“मग जाऊ द्या. शनिवारी दुपारी मला अहवाल पाठवायचाय. हे तुमचं बोलणं मी ऐकलंच नाही असं समजतो, उगाच तुमच्यावर शेकायला नको.”

बाहेर आल्यावर बारकीनं त्याचा हात धरला. तिचे डोळे भरून आले होते. “माझ्यासाठी एवढं खोटं बोलायची काय गरज होती रे, मामा?”

“बारके, मी खोटं नाही बोललो.”

“बरं,” ती म्हणाली आणि लहान मुलाची समजूत काढावी तसा तिनं त्याचा हात थोपटला.

बातमी त्याच्याआधी घरी पोचली होती. मामी, जी एरवी त्याला उभ्या जन्मात एक चांगला शब्द बोलायची नाही, ती म्हणाली, “चला, एकदा तरी माणसासारखे वागलात.” छत्रीवाला वाटेत आडवा आला, महिन्यांचा अबोला सोडून त्यानं फोटोवाल्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, “मानलं बुवा.” बहिणीनं फोन केला आणि फोनवर नुसती रडत राहिली. बावीस वर्षांत त्याला कुणी एवढा भाव दिला नव्हता. आणि जो तो त्याला भाव देत होता तो खरं बोलल्याबद्दल नाही, खोटं बोलल्याबद्दल.

इथं एक कबूल करायला हवं. शुक्रवारची सकाळ त्यानं बरी घालवली. मी सांगितलं, कुणी मानलं नाही, आता मी आणखी काय करू, असं तो स्वतःला समजावत होता आणि ते थोडंथोडं पटायलाही लागलं होतं. दुपारी खिडकीतून त्याला बारकी दिसली. ती कचेरीत परत द्यायच्या वस्तू पिशवीत भरून घेऊन चालली होती. गणवेशाची घडी तिनं नवी असल्यासारखी घातली होती. त्याला ते बघवलं नाही.

फोटो पाठवण्यासाठी त्याच्याकडे गिऱ्हाइकांचे नंबर होते. त्यानं फोन काढला आणि एका बोटानं, शब्द शोधत लिहिलं: ‘मी किनाऱ्यावरचा फोटोवाला. तुमचे फोटो काढण्याआधी मी तिथलं धोक्याचं लाल निशाण उपटून बाजूला ठेवलं होतं. ते माझं चुकलं. तुम्ही उभे होता ती जागा धोक्याची होती. मी निशाण उपटताना तुमच्यापैकी कुणाच्या फोनमध्ये आलो असलो तर कृपा करून पाठवा. माझ्या भाचीवर आळ आलाय.’ त्यानं ते दोनशे चौदा ठिकाणी पाठवलं.

उत्तरं यायला लागली. एकानं विचारलं की मोठ्या आकारात फोटो करून मिळेल का. एका बाईनं लिहिलं की आमचं बाळ तेव्हा सहा महिन्यांचं होतं, तुम्हाला लाज वाटायला हवी. एक आजोबा म्हणाले, होतं खरं निशाण, मी बघितलं होतं, पण माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार, मला चष्म्याशिवाय काही दिसत नाही. बऱ्याच जणांनी काहीच लिहिलं नाही.

शनिवारी सकाळी त्या नऊ जणांच्या कुटुंबातल्या काकूचा निरोप आला, तीच ती डोळे मिटणारी. ‘आमच्या मुलीनं काढलंय, चालतंय का बघा.’ सोबत चाळीस सेकंदांचं चित्रण.

त्यात तो होता. टोपी, पिशवी, सगळं. मागे निशाण फडफडत होतं. त्यानं दोन्ही हातांनी काठी हलवली, उपटली आणि वाळूवर टाकली. स्पष्ट, उन्हात, तारखेसकट. त्याच्या जिवात जीव आला. आणि मग त्याला आवाज ऐकू आला.

“हे लाल निशाण कसलं हो?” कुणीतरी विचारत होतं.

“काही नाही हो,” चित्रणातला तो म्हणत होता. “आमची भाची आहे इथं जीवरक्षक. नवी नोकरी, दिसेल तिथं निशाणं रोवत सुटते. तिला काय कळतंय पाण्यातलं?”

सगळे हसले. तोही हसला. भाचीचं नाव काढताना माणूस जसा कौतुकानं हसतो तसं नाही. दुसऱ्यांना हसवायला हसतात तसं.

असं आपण बोललो होतो हे त्याच्या गावीही नव्हतं. त्यानं ते तीनदा ऐकलं. ज्या बोलण्यासाठी तो छत्रीवाल्याच्या अंगावर धावून गेला होता, तेच तो स्वतः, चार परक्या माणसांना खूश करायला, चालता चालता बोलून गेला होता. आणि एकदाच बोलला असेल कशावरून? हंगामभर प्रत्येक जण विचारायचा, हे निशाण कसलं. तो काय सांगायचा, ते त्याला आठवेना. आठवायची हिंमतही होईना.

अहवाल दुपारी जाणार होता. चित्रणातला आवाज काढून टाकायची सोय त्याच्या फोनमध्ये होती, त्याच्या धंद्यातलंच काम ते. साहेबांना काठी उपटलेली दिसली म्हणजे झालं, त्यांना बोलण्याशी काय करायचंय? बारकीच्या कानावर तरी हे कशाला जायला हवं, पोरीनं आधीच कमी सोसलंय का? असं तो स्वतःला सांगत होता, आणि हे आपण तिच्यासाठी करत नाही आहोत हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं आवाज काढला आणि साहेबांना पाठवलं.

तासाभरात साहेबांचा फोन आला. या वेळी त्यांच्या बोलण्यात माया नव्हती. फोटोवाल्याचा परवाना रद्द, त्याच्यावर वेगळी चौकशी, इस्पितळातल्या माणसाच्या घरच्यांना उत्तर त्यानं द्यायचं. बारकीवर कसलाही ठपका नाही, सोमवारपासून कामावर. “तुम्ही खरं सांगत होता तर,” साहेब शेवटी म्हणाले, आणि हे ते शिवी दिल्यासारखं म्हणाले. फोटोवाल्याला ते बरं वाटलं.

संध्याकाळी बारकी आली. मामी आत निघून गेली, साहेबांचा फोन आल्यापासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. बारकी दारातच उभी राहिली.

“तू खरं बोलत होतास,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि वाळू भुसभुशीत आहे म्हणून सांगायचास मला.”

“हो.”

ती आत येऊन त्याच्यासमोर बसली. “मला खूप राग आलाय, मामा. पण मला हेही कळतंय की तू तोंड शिवून बसला असतास तर मी जन्मभर समजले असते की माझ्या चुकीनं एक माणूस मरायचा होता. तू सगळ्यांना निरोप पाठवलास. एवढं कुणी करत नाही. मला जरा वेळ दे, राग जाईल माझा.”

हे तिनं मनापासून म्हटलं. फोटोवाल्यानं डोळे पुसले. एवढ्यावर सुटलो असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याचीच त्याला लाज वाटली.

“साहेबांनी मला दाखवलं ते,” ती म्हणाली. “पण त्याला आवाज नव्हता. ती माणसं हसतायत. तूही हसतोयस. काय बोललास रे तेव्हा?”

काहीही सांगता आलं असतं. काकू डोळे मिटत होती म्हणून हसलो, असं म्हणाला असता तरी तिला ते खरं वाटलं असतं. तिनं त्याच्यावर विश्वास ठेवायचं नुकतंच परत ठरवलं होतं आणि ती वाट बघत होती.

“त्यांनी विचारलं, निशाण कसलं,” तो म्हणाला. “मी म्हणालो, काही नाही, आमची भाची आहे जीवरक्षक. दिसेल तिथं निशाणं रोवत सुटते.” तो थांबला. “तिला काय कळतंय पाण्यातलं, असं म्हणालो.”

बारकीनं तळहात पालथे करून मांडीवर ठेवले.

“आवाज तू काढलास?”

“हो.”

“मूळचं आहे तुझ्याकडे?”

“आहे.”

“मला पाठव.”

“बारके, ते ऐकून काय—”

“पाठव.”

त्यानं पाठवलं. ती उठली, दार ओढून घेऊन बाहेर गेली. जिन्यात तिची पावलं थांबली. बंद दारापलीकडून त्याला आधी वारा ऐकू आला, मग त्याचा स्वतःचा आवाज, मग नऊ माणसांचं हसणं. मग थोडा वेळ शांतता. आणि मग पुन्हा पहिल्यापासून वारा.